एक देश मागे

आमच्याकडे राहायला येणारी परदेशी मुलं बरेच दिवस आमच्याकडे आलेलीच नसतात. बॅगा आलेल्या असतात, बूट दाराशी असतात, पोलिसांसाठीचा फॉर्मही भरून झालेला असतो. मुलं तेवढी मागच्या देशात असतात.

एका परदेशी विद्यापीठाचा असा कार्यक्रम आहे की मुलांनी वर्षभरात आशियातले तीन-चार देश पाहायचे, प्रत्येक ठिकाणी कुणाच्या तरी घरी राहायचं, रिक्षावाल्याशी भांडता येण्याइतपत तिथली भाषा शिकायची आणि शेवटी 'शहरीकरण' वगैरे जडशीळ विषयावर निबंध लिहायचा. पुणे हा मधला मुक्काम. आमच्याआधी हनोई किंवा तैपेई, आमच्यानंतर चिआंग माय किंवा काठमांडू. आमची लेक लग्न होऊन बंगळूरला गेली, मागची खोली रिकामी पडली, तेव्हापासून आम्ही या मुलांचे काका-काकू आहोत.

लोक कळवळून विचारतात, "बिचाऱ्यांना घरची आठवण येत असेल, नाही हो?" घरची बिलकूल येत नाही. आई रोज फोनवर दिसते, कुत्रा दिसतो, कुत्र्याला आंघोळ घातलेली दिसते. आता तर आईलाच "बरं, ठेवते" म्हणायची घाई असते. मुलं झुरतात ती मागच्या मुक्कामासाठी. तीन महिन्यांपूर्वी ज्या शहराचं नाव त्यांना धड उच्चारता येत नव्हतं, त्याच्यासाठी. त्या वेळी मी समोर गरम पोळी घेऊन उभी असते, याची त्यांना खबर नसते.

हनोईहून आलेली एक मुलगी होती, मूळची ओहायोची. तिचं प्रत्येक वाक्य हनोईपासून सुरू व्हायचं. हनोईत सकाळी सहालाच फुटपाथवर लोक जेवायला बसतात. हनोईत न्याहारीला 'फो' असतं, म्हणजे हाडांच्या रश्शात तांदळाच्या शेवया. हनोईत ती लखपती होती, कारण तिथल्या डाँगची सर्वांत मोठी नोटच पाच लाखांची. एक वाडगा फो पन्नास हजारांचा. आमच्याकडे आल्यावर पाचशेच्या नोटेकडे ती अशी बघायची, की तिच्या इस्टेटीवर कुणी डल्ला मारला असावा.

रस्ता ओलांडायलाही ती हनोईतच शिकली होती. तिथला नियम असा, की स्कूटरींच्या लोंढ्यात सरळ पाऊल टाकायचं, थांबायचं नाही, पळायचं नाही, एका चालीने चालत राहायचं. गाड्या आपोआप तुम्हाला वळसा घालतात. हाच प्रयोग तिने कर्वे रोडवर केला. हनोईत गाड्या वळसा घालतात, पुण्यात गाडीवाले थांबून सल्ला देतात. एकाने हेल्मेटची काच वर करून तिला पादचाऱ्यांची कर्तव्यं समजावून सांगितली. मागचे आठ-दहा जण हॉर्न वाजवत होते, तरी त्याने विषय अर्धवट सोडला नाही. ती घरी येऊन म्हणाली, "काकू, इथे लोक फार बोलतात." माहिती म्हणून यात काही चूक नव्हती.

एका सकाळी गॅलरीत बघते तर ही बाईसाहेब आमच्या बाथरूममधल्या निळ्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेली. गुडघे हनुवटीला टेकलेले, समोर दुसरं स्टूल, कपडे धुवायचं, त्यावर कप. कपावर एक छोटं स्टीलचं भांडं आणि त्यातून थेंब थेंब काळी कॉफी खाली ठिबकतेय. हनोईच्या फुटपाथवर म्हणे अशाच वीतभर स्टुलांवर बसून अख्खं शहर कॉफी पितं. समोरच्या इमारतीतल्या वहिनी कपडे वाळत घालता घालता थबकल्या. मला खुणेनेच विचारलं, "काय झालं?" आता काय सांगणार? आंघोळीच्या स्टुलावर बसून कॉफी पिण्यात एक मोठी परंपरा आहे, हे इतक्या लांबून खुणेने सांगता येत नाही.

त्या कॉफीत कंडेन्स्ड मिल्क घालतात. मी दिवाळीच्या बर्फीसाठी आणून ठेवलेला डबा असा कॉफीच्या मार्गाने गेला. पण खरी कसोटी पुढे होती. तिला अंड्याची कॉफी करून दाखवायची होती. आमच्याकडे अंडं चालतं, पण गॅलरीत. म्हणजे अंड्याचा तवा वेगळा, उलथनं वेगळं, ते ठेवायची जागा वॉशिंग मशीनच्या मागे, आणि करणारे आमचे हे. सासूबाईंनी घालून दिलेला हा नियम त्या गेल्यानंतरही आम्ही इमानाने पाळतो. तेव्हा कॉफीही गॅलरीतच झाली. पिवळं बलक, कंडेन्स्ड मिल्क, आणि दोघं आळीपाळीने फेटतायत. फेटता फेटता तिने त्याची कुळकथा सांगितली. १९४६ साली हनोईत दुधाची टंचाई होती, तेव्हा तिथल्या मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्वेन वान झांग यांनी दुधाऐवजी फेटलेलं बलक वापरून ही कॉफी काढली, आणि पुढे स्वतःचं दुकानही टाकलं. ते दुकान अजून आहे. ह्यांनी चमचा चाटला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. वीज मंडळात आयुष्य काढलेला माणूस, सहसा इतका वेळ गप्प राहत नाही.

ही मुलगी रडली मात्र एकदाच, आणि तेही माझ्या स्वयंपाकघरात. मी आमटीला गोडा मसाला घालायला डबा उघडला, आणि ती ओट्याशी उभी होती ती एकदम स्तब्ध झाली. डबा माझ्या हातातून घेतला, नाकाशी धरला, डोळे मिटले. मला वाटलं शिंक येणार. पण तिचे डोळे भरले होते. फोच्या रश्शात बाद्यान आणि दालचिनी घालतात. माझ्या मसाल्यातही ती दोन्ही आहेत. ज्या गल्लीत ती राहायची तिथे पहाटे तीनपासून तो रस्सा उकळायचा म्हणे, आणि झोपेत तो वास खोलीत यायचा. आता माझ्या मसाल्यात त्याशिवाय दगडफूल आहे, नागकेशर आहे, तीळ आहेत, खोबरं आहे. त्यांच्यासाठी कुणी दोन टिपं गाळावीत एवढी माझी माफक अपेक्षा होती. ती पुरी व्हायला बराच काळ जावा लागला.

तैपेईहून आलेल्या मुलाची तऱ्हा आणखी वेगळी. तो शांत, उंच, दारात वाकून यायचा. जेवायचा, 'छान' म्हणायचा, खोलीत जायचा. त्याला काय हवंय याचा थांगपत्ता लागेना. मग एक दिवस सकाळी घंटागाडी आली. आमच्या गल्लीत ती भोंग्यावर गाणं लावून येते, आणि ते गाणं ऐकून आजवर कुणाचा चेहरा खुललेला मी पाहिलेला नाही. हा मुलगा मात्र जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत खाली धावला. हातात कचऱ्याची बादली. आमची. ओला, सुका न बघता घेतलेली.

तैवानमध्ये कचऱ्याच्या गाड्या बेटहोवनची 'फ्यूर एलिझ' नाहीतर 'अ मेडन्स प्रेयर' ही पियानोची धून वाजवत येतात. धून ऐकू आली की सगळी गल्ली हातात पिशव्या घेऊन खाली उतरते, कारण कचरा रस्त्यावर ठेवून जायची सोय नाही. तो ज्याचा त्याने गाडीत टाकायचा. म्हातारे, मुलं, चपला फटफटवत आलेल्या बायका, सगळे तिथे भेटतात. हा मुलगा तैपेईत ज्या आजोबांकडे राहायचा, त्यांच्याशी त्याचं जे काही बोलणं व्हायचं ते त्या गाडीमागे उभं राहून. तेव्हा बेटहोवन काय आणि आमचं ते कर्कश हिंदी गाणं काय, कचरा आणि संगीत यांची सांगड बसली, की त्याला आजोबा दिसायचे. पुढे घंटागाडीवरच्या ताईंनी त्याला ओला-सुका शिकवला, त्याने त्यांना रोज बादल्या उचलू लागायला सुरुवात केली, आणि आमच्या सोसायटीत 'एवढा शिकलेला मुलगा, पण' अशी चर्चा झाली. तो काठमांडूला गेला तेव्हा ताईंनी आठवडाभर त्याची चौकशी केली. मजा म्हणजे तिकडून त्याने मला पहिला निरोप पाठवला तो त्या गाण्याबद्दल. रेकॉर्ड करून पाठवाल का? त्याला आता बेटहोवनची आठवण राहिली नव्हती.

हे सगळ्यांचंच असं होतं. इथे असताना ज्या गोष्टींनी त्यांचा जीव नको होतो, पुढच्या देशात गेल्यावर नेमक्या त्याच त्यांना हव्या असतात. ओहायोच्या मुलीला कुकरच्या शिट्टीची भीती वाटायची. शिट्टी झाली की ती कान झाकून हॉलमध्ये जायची आणि तिथून ओरडून विचारायची, "हे नॉर्मल आहे ना?" चिआंग मायला पोचल्यावर तिचा निरोप: सकाळी फार शांत वाटतं, कुकरची शिट्टी पाठवा. मी फोन ओट्यावर ठेवून वरण-भाताच्या तीन शिट्ट्या रेकॉर्ड केल्या. तिसरीनंतर माझा आवाजही त्यात आला, "अहो, गॅस बंद करा". तो तिला सर्वांत आवडला. साबुदाण्याची खिचडी बघून तिने पहिल्या दिवशी ताट हळूच बाजूला सरकवलं होतं. आता तिथल्या बाजारात साबुदाणा मिळाला तर तो किती वेळ भिजवायचा, असे प्रश्न येऊ लागले. आणि शेवटी गोडा मसाला. "काकू, त्या डब्यातला." मी डोळ्याला पदर लावला नाही, पण पाव किलो मसाला दुहेरी पिशवीत बांधला. कुरिअरवाल्याने विचारलं, "आत काय?" मसाला म्हटल्यावर त्याने कागदावर 'पावडर' लिहिलं. मी त्याला ते खोडायला लावलं. परदेशी पार्सलवर 'पावडर' लिहून माझ्या मसाल्याची अब्रू घालवायची नव्हती, शिवाय तो पोचायलाही हवा होता.

ते दिवस पुण्याचे होते. तिने तिथे बसून आमच्या गल्लीचं असं वर्णन लिहून पाठवलं, की मी उठून गॅलरीतून पाहिलं. खड्डा होता तिथेच होता. पण तिच्या लिहिण्यात तो नव्हता. मागे सोडलेल्या देशात पोट बिघडत नाही, पाणी जात नाही, कपडे वाळायचे राहत नाहीत, आणि फॉर्म भरायला रांग लागत नाही. ही सगळी कटकट चालू मुक्कामाच्या वाट्याला. चिआंग मायमध्ये त्या वेळी जंगलं आणि शेतं जाळण्याचे दिवस होते, हवा धुराने भरलेली, तिला खोकला झालेला. अशा वेळी पुण्याची हवा तिला अमृतासारखी आठवली यात नवल नाही. इथे असताना तीच मुलगी लक्ष्मी रोडवर तोंडाला रुमाल बांधून फिरायची.

मग ती ओहायोला घरी गेली, आणि आमची पाळी संपली. निरोप यायचे, पण त्यांत आता चिआंग माय. तिथलं खाओ सोई, म्हणजे नारळाच्या दुधातल्या रश्शात नूडल्स आणि वर तळलेल्या कुरकुरीत नूडल्स. तिथला डोंगर, तिथली देवळं, तिथल्या लोकांचा सौम्यपणा. हा शेवटचा मुद्दा मला जरा बोचला. माझा मसाला तिच्याकडे अजून आहे, असं तिने कळवलं. तो ती खाओ सोईत घालते.

जुन्या प्रवाशांची वर्णनं वाचायची मला हौस आहे, आणि तिथेही मी हल्ली हेच शोधत बसते. आपण त्यांना चिनी यात्रेकरू म्हणतो. मला ते परदेशी शिकायला आलेले विद्यार्थीच वाटतात. त्यांतला माझा सर्वांत लाडका इत्सिंग. हा इ. स. ६७१ मध्ये समुद्रमार्गे निघाला. वाटेत श्रीविजयात, म्हणजे आजच्या सुमात्रातल्या पालेंबांगच्या बाजूला, सहा महिने थांबून संस्कृत व्याकरण शिकला. मग नालंदेत सुमारे दहा वर्षं राहिला. इथे त्याने काय टिपून ठेवावं? दात कशाने घासतात, जेवणाआधी हात कसे धुतात, शौचाला जाण्याची रीत काय. आणि भाज्या. आमच्याकडे चीनमध्ये लोक मासे आणि भाज्या बहुतेक कच्च्याच खातात, असं म्हणून तो सांगतो की भारतात भाजी नीट शिजवतात आणि तिला हिंग, तूप, तेल किंवा मसाला लावून खातात. तेराशे वर्षांपूर्वीच्या या माणसाने हिंगाची दखल घेतली म्हणून मी त्याला बाकी सगळं माफ केलं आहे. हे पुस्तक त्याने भारतात बसून लिहिलं नाही, आणि चीनमध्ये बसूनही नाही. श्रीविजयात बसून लिहिलं, नालंदा सोडून आल्यावर. हिंगाचा वास नाकाशी येणं बंद झालं, तेव्हा.

श्रीविजयातलाच त्याचा आणखी एक किस्सा आहे. पोथ्या उतरवायला कागद आणि शाई कमी पडली, म्हणून ६८९ मध्ये तो बंदरावर गेला. चीनला निघालेल्या जहाजावर चढला, का, तर क्वांगचौला चिठ्ठी द्यायची होती, कागद पाठवा म्हणून. तेवढ्यात अनुकूल वारा सुटला, शिडं चढली, जहाज निघालं. थांबवायची सोय नव्हती. अठरा वर्षांनी माणूस मायदेशी पोचला तो असा, चुकून, हातात चिठ्ठी घेऊन, आणि पोथ्या सगळ्या मागे सुमात्रात. कुणालाही वाटेल, की चला, आला आहेस तर राहा. पण याला लगेच श्रीविजय आठवू लागलं. पोथ्यांचं निमित्त होतंच. त्याच वर्षी चार मदतनीस जमवून तो परत जहाजावर चढला, या वेळी ठरवून. कायमचा परतला तो ६९५ मध्ये, आणि तेव्हा खुद्द सम्राज्ञी वू त्याला सामोरी आली.

ह्युएन त्संग त्याच्याआधीचा. तो पुलकेशीच्या राज्यात, आपल्याकडेही येऊन गेला. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमान झाला तर सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलं. ते आपण भाषणात वापरतो. लढाईआधी ती दारू पितात आणि हत्तींनाही पाजतात, हेही त्याने लिहिलं आहे. ते वापरत नाही. नालंदेत त्याचा थाट होता. रोज विड्याची पानं, सुपाऱ्या, जायफळं, कापूर, आणि काळ्या घेवड्याएवढ्या दाण्याचा महाशाली तांदूळ. निघताना तिथल्या मंडळींनी राहण्याचा आग्रह केला, तो त्याने मोडला. सिंधू ओलांडताना नाव उलटायची वेळ आली, पन्नास पोथ्या आणि फुलांची बियाणी वाहून गेली. पुढे कपिशाच्या राजाने त्याला विचारलं, "बियाणी नेत होतात का?" हो म्हटल्यावर राजा म्हणाला, मग झालंच, इथली फुलांची बी कुणी नेऊ लागला की ही नदी असंच करते. सिंधूचं कस्टम खातं फारच कडक होतं. ६४५ मध्ये तो चांगआनला पोचला, सन्मान झाला, भाषांतराच्या कामाला लागला. सात वर्षांनी, ६५२ मध्ये, बोधगयेच्या मठातून जुन्या ओळखीच्या दोघांची पत्रं आली आणि सोबत पांढऱ्या सुती कापडाचे दोन तागे. वाट लांबची आहे, भेट लहान म्हणून राग मानू नका, असं काहीसं त्यांनी लिहिलं. त्याने ६५४ मध्ये उत्तर धाडलं. गुरू शीलभद्र गेल्याचं कळल्यावर झालेलं दुःख त्यात आहे, आणि नदीत वाहून गेलेल्या पोथ्यांची यादी आहे, पाठवता आल्या तर पाठवा म्हणून. सम्राटाच्या राजधानीत बसलेला मोठा माणूस, पण पत्राचा घाट ओळखीचा आहे. आधी ख्यालीखुशाली, मग यादी.

फाहियानने मात्र माझी सगळी मांडणी बिघडवून ठेवली आहे. तो ३९९ मध्ये साठीच्या आसपासच्या वयात पायी निघाला. बरोबरचे कुणी डोंगरात मेले, कुणी माघारी फिरले. शेवटचा सोबती ताओ-चिंग पाटलिपुत्रात इतका रमला, की त्याने परत जायचं नावच टाकलं. फाहियान तिथे तीन वर्षं संस्कृत शिकला, मग एकटाच ताम्रलिप्तीहून जहाजाने सिंहलद्वीपात गेला. अनुराधपुरातल्या मोठ्या विहारात हिरव्या रत्नाची बुद्धमूर्ती होती. तिच्यासमोर एका व्यापाऱ्याने पंखा वाहिलेला त्याने पाहिला. पांढऱ्या रेशमाचा, चिनी. इतकी वर्षं ओळखीचा डोंगर नाही, नदी नाही, झाड नाही, बोलायला आपलं माणूस नाही. तो पंखा पाहिला आणि त्याला रडू आवरेना. हे त्याने स्वतःच लिहिलं आहे. इथे मागचा मुक्काम नाही, मधला नाही, थेट घर. त्याच्या आईने त्याला रोज कुत्रा दाखवला नसावा, एवढंच मी त्यावर म्हणू शकते.

आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर एक मुलगा आहे, तो वूहानला डॉक्टरकी शिकत होता. तिथून त्याचे फोन यायचे ते तक्रारींचेच. थंडी फार, वरण मिळत नाही, इंटरनेटवर काही उघडत नाही, भाषा कळत नाही. त्याची आई जिन्यात भेटली की आम्हाला चीनचे हालहवाल कळायचे. जानेवारी २०२०मध्ये तो चिनी नववर्षाच्या सुट्टीत घरी आला, एक बॅग घेऊन, महिन्याभरात परत जायचं म्हणून. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्या वेळी चीनमध्ये भारतातले तेवीस हजारांवर विद्यार्थी शिकत होते, आणि जे घरी आले ते घरीच अडकले. विद्यार्थ्यांना पुन्हा व्हिसा मिळू लागला तो २०२२च्या ऑगस्टअखेर.

चीनचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. वूहानचा आठचा तास इथे पहाटे साडेपाचला. आई चहा ठेवायची, वडील दबक्या पावलांनी दूध आणायला जायचे, आणि हा शर्ट घालून, खाली लेंग्यावर, कॅमेऱ्यासमोर शरीररचनाशास्त्र शिकायचा. त्या काळात वूहान एकदम गुणी झालं. तिथल्या वसतिगृहाचा जिना, खोलीत राहिलेला भाताचा कुकर, खाली उभी राहिलेली इलेक्ट्रिक स्कूटर. तिची बॅटरी उतरली असेल, ही काळजी त्याला आजीच्या गुडघ्याहून जास्त होती. आणि सकाळी कोपऱ्यावर मिळणाऱ्या, तिळाच्या दाट चटणीत कालवलेल्या कोरड्या नूडल्स. 'रगान म्येन' म्हणतात. वूहानची न्याहारी तीच. त्याने घरी करून पाहिल्या. तिळाचं कूट, तेल, लाल तिखट, दोन मिनिटांच्या नूडल्स. त्याची आई मला जिन्यात म्हणाली, "तिकडे होता तेव्हा माझ्या हातच्या भाकरीसाठी रडायचा. आता भाकरी पुढ्यात आहे, तर हे. तुम्ही सांगा, मी काय करू?" मी म्हटलं, "वहिनी, तिळाचं कूट जास्त करून ठेवा." तो परत गेला. आठवडाभरात फोन आला, भाकरीसाठी.

आपली सहलीला जाणारी माणसं या बाबतीत सुखी. बँकॉकच्या हॉटेलात टूर मॅनेजर पोहे देतो, बॅगेत चिवडा असतो, लोणच्याची बरणी प्लास्टिकच्या चार पिशव्यांत असते. सोडून जायला मागे काही ठेवलेलंच नसतं, तर आठवण कशाची येणार?

एवढ्यात आमच्याकडे कुणी नाही. नवी मुलं पावसाळ्यानंतर येतील, तैपेईहून, असं कळलंय. घंटागाडीवरच्या ताईंना मी सांगून ठेवलं आहे. पण घरातलं एक दुखणं मला आटोक्यात आणता आलेलं नाही. आमच्या ह्यांना हनोईची आठवण येते. ह्यांनी हनोई पाहिलेलं नाही. पासपोर्टची मुदत संपून जमाना झाला. देशाबाहेरचा ह्यांचा प्रवास म्हणजे सोनौलीला सीमा ओलांडून पशुपतिनाथ. तरी संध्याकाळी यूट्यूबवर घरांच्या मधून जाणारी हनोईची आगगाडी लावून बसतात आणि मला सांगतात, "आता बघ, ती बाई दुकानाचं छप्पर आत ओढेल." ती ओढते. ओहायोच्या मुलीने जाताना ते ठिबकणारं भांडं ह्यांना देऊन टाकलं. तेव्हापासून कंडेन्स्ड मिल्कचा डबा आमच्या महिन्याच्या यादीत तांदळाच्या खाली लिहिला जातो. मी एकदा म्हटलं, "तिला लिहून विचारा की हनोईत आता कसं आहे." तर म्हणाले, "तिला काय विचारायचं? ती आता थायलंडचंच बोलते."

काल सकाळी आंघोळीला गेले तर स्टूल जागेवर नाही. गॅलरीच्या दाराशी जाऊन म्हटलं, "अहो, स्टूल हवंय मला."

"पाच मिनिटं," आतून उत्तर आलं. "ठिबकतेय अजून."

समोरच्या वहिनींनी या वेळी खुणेने काही विचारलं नाही. त्यांच्या गॅलरीत त्यांचे मिस्टर बसले होते, बुटक्या स्टुलावर, रिकामा कप हातात घेऊन, आमच्याकडे बघत.